गाडीला वाजलेली थंडी

मे महिना. सकाळचे नऊ, आणि शर्ट तेव्हाच पाठीला चिकटलेला. कुर्ल्याच्या गॅरेजमधला पोरगा स्कॅनरकडे बघून म्हणाला, "काका, इंजिनचं तापमान उणे ४०."

सांताक्रूझला आजवर नोंदलेली नीचांकी थंडी ७.४ अंश, तीही १९६२च्या जानेवारीतली. पारा सोळावर उतरला की आम्ही कानटोप्या शोधतो. आमच्या व्हॅनने तर थेट सैबेरिया गाठला होता.

कारण अंगठ्याएवढा कूलंट सेन्सर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं (कूलंटचं) तापमान मोजणारा. त्याच्या पोटातल्या थर्मिस्टरचा विजेला होणारा रोध गारव्यात वाढतो, तापला की उतरतो. एरवी दोन-अडीच हजार ओहम, तापल्या इंजिनात दोन-तीनशे. आतला जोडच तुटला की रोध अनंत, आणि गाडीच्या संगणकाला वाटतं, केवढी ही थंडी! मग तो मायेनं जास्तीचं पेट्रोल पाजत बसतो. म्हणून महिनाभर काळा धूर, घसरलेलं ॲव्हरेज आणि वॉचमनचे टोमणे. आकड्याबद्दल संगणकालाही संशय असावा, कारण रेडिएटरचा पंखा अखंड चालू.

"बदल की मग," मी म्हणालो.

"गाडी आत्ताच चालवत आणलीत ना? मग बसा."

दाबाखालचं कूलंट शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण उघडलं की उसळून अंगावर येतं. उणे चाळीसवाली गाडी गार व्हायची वाट बघत मी दोन तास आणि तीन कटिंग काढले.

खरं काम पंधरा मिनिटांचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, थोडं कूलंट घमेल्यात काढलं. लगेच गॅरेजची मांजर आली. पोरानं तिला हाकललं, घमेल्यावर पत्रा ठेवला. "चाटायला येतात, पण विष आहे." सेन्सरच्या वायरचा उष्णतेनं कडक झालेला प्लग जपून निघाला, एकोणीसच्या पान्ह्यानं सेन्सर सुटला. नवा आधी हातानंच फिरवला, कारण ॲल्युमिनियमचे आटे लगेच मरतात.

कूलंट भरल्यावर आतली हवा काढायची म्हणून त्यानं इंजिन सुरू केलं आणि हीटर फुल केला. मुंबईत, मे महिन्यात! या गाडीला हीटर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येताना सायनच्या सिग्नलला पंखा घरघरला. मी दचकून काट्याकडे पाहिलं. काटा बरोबर मध्यावर होता. गाडीला खरंच उकडत होतं.