पाचव्या पिढीचा वाटा

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांच्या निमंत्रणावरून मी तेथे प्रवचनांसाठी जातो, तेव्हा माझा बराचसा वेळ देवळांपेक्षा घरांतच जातो. देवळात बसलेली माणसे निरूपण शांतपणे ऐकून घेतात. घरी मात्र ओसरीवर चहा झाला की मनात वर्षानुवर्षे साठलेले प्रश्न बाहेर येतात, आणि ते बहुधा अध्यात्माचे नसून आचाराचे असतात. आमचे गोत्र कोणते, हे कोणालाच आठवत नाही, मग संकल्पात काय म्हणायचे? एकादशी भारतातल्या दिनदर्शिकेप्रमाणे धरायची की येथल्या सूर्योदयाप्रमाणे? हे प्रश्न किरकोळ आहेत असे मला कधीच वाटले नाही. ज्या घराने पाच-सहा पिढ्या समुद्रापलीकडे राहून गणपती बसवणे सोडले नाही, त्या घराला या प्रश्नांची नेमकी उत्तरे मिळाली पाहिजेत. ‘श्रद्धा असली की पुरे’ असे म्हणून त्याची बोळवण करणे हा त्या घराच्या निष्ठेचा अनादर आहे.

एका वर्षी गणेशोत्सवासाठी गेलो असता यजमानांच्या आग्रहावरून पितृपक्ष संपेपर्यंत राहिलो. त्या मुक्कामातील सर्वपित्री अमावास्येचा दिवस सविस्तर लिहून ठेवावा असा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज ३६ भारतीय मजुरांना घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात लागले आणि ऊसमळ्यांसाठी करारावर माणसे आणण्याची पद्धत तेथे सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे पाच लाख माणसे अशी आली. त्यांतील बहुसंख्य बिहारकडील आणि दक्षिणेकडील होती. मुंबई बंदरातून गेलेली, मुख्यतः रत्नागिरीच्या बाजूची मराठी माणसे त्या मानाने थोडी. बंदरावरील ज्या आवारात या लोकांना उतरवून घेत, ते ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपलेले असून २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तेथल्या सोळा पायऱ्या मी पाहिल्या आहेत. तेथे प्रत्येक माणसाला क्रमांक मिळे आणि नोंदवहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा आणि गाव लिहिले जाई. या वह्या आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि वंशजांना आपल्या पूर्वजाची नोंद तेथून मिळवता येते. त्या दिवसाचा सारा प्रसंग अशाच एका नोंदीपासून निर्माण झाला.

सकाळी आम्ही गंगा तलावावर गेलो. डोंगरमाथ्यावरील हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेले सरोवर आहे. १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले आणि तेव्हापासून त्याला हे नाव मिळाले. महाशिवरात्रीला येथे लाखो माणसे पायी येतात, परंतु त्या दिवशी धुके होते आणि काठावर तर्पणाला बसलेली मोजकीच कुटुंबे होती. आम्ही कलशात पाणी घेतले, देवळात दर्शन केले आणि पश्चिमेकडे उतरू लागलो. वर गार वारा आणि खाली येताच कोरडे ऊन, असा तेथला सप्टेंबर असतो. माझ्यासोबत एक तरुण स्थानिक पुरोहित होते. त्यांनी गाडीतच शंका काढली की संकल्पात ‘वर्षा ऋतौ’ म्हणायचे आणि येथे तर वर्षातले सर्वांत कोरडे दिवस चालू आहेत, हे कसे. मी सांगितले की संकल्पातला ऋतू चांद्रमासाला जोडलेला असतो, भाद्रपद म्हणजे वर्षा ऋतू, मग आकाशात ढग असोत वा नसोत. पंचांगाची ती चौकट मोडली तर पुढे प्रत्येक बेट आपापले ऋतू सांगू लागेल. स्थळ मात्र खरे सांगितले पाहिजे. गोदावरीच्या तीरावर बसलेले नसताना ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणणे मला पटत नाही. ते पुरोहित महासागराचा आणि मॉरिशस द्वीपाचा उच्चार करत असत, तो मी योग्य मानला आणि त्या दिवशी तसाच केला.

ज्या घरी जायचे होते ते डोंगराच्या पायथ्याशी, उसाच्या शेतांना लागून होते. घरात आजी, त्यांची सून आणि सुमारे पंचविशीतली नात. मुलीचे वडील वारलेले, धाकटा भाऊ शिक्षणासाठी फ्रान्समध्ये. घरात बोलणे क्रिओलमध्ये, म्हणजे तेथल्या फ्रेंचोद्भव बोलीत, परंतु नात शाळेत मराठी शिकलेली होती आणि आजींची मराठी त्यांच्या सासूकडून आलेली, कोकणी वळणाची होती. सर्वपित्रीला दर वर्षी केवळ पान वाढून ठेवणारे हे घर या वेळी विधिपूर्वक श्राद्ध करू इच्छित होते. त्याचे कारण नातीने माझ्यासमोर ठेवले. मोक्याहून आणलेला तो कागद होता. १८६० च्या दशकात मुंबईहून आलेला एक तरुण, त्याच्या बापाचे नाव, उंची, जात, जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव कारकुनाने असे लिहिले होते की ते निश्चित लागत नव्हते. मुलीच्या पिढीपासून मोजले तर हा पाचवा पुरुष. त्याच्या मृत्यूची तिथी कोणाला ठाऊक नव्हती, गोत्र ठाऊक नव्हते आणि त्याच्या नावाने कधी पिंड दिला गेला होता की नाही, हेही ठाऊक नव्हते. नातीची इच्छा एकच होती, आज त्याच्या नावाने पिंड द्यावा.

अशा ठिकाणी प्रवासी गुरूसमोर दोन सोपे मार्ग असतात. शास्त्रात बसत नाही म्हणून नकार द्यायचा, किंवा परदेश आहे, चालते, म्हणून हवे ते करू द्यायचे. दोन्ही मार्ग मला अप्रामाणिक वाटतात, कारण दोन्हींत ग्रंथ उघडण्याचे कष्ट टाळलेले असतात. मी प्रवासात ‘धर्मसिंधु’ जवळ ठेवतो. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये सिद्ध केलेला हा ग्रंथ अडलेल्या माणसासाठीच लिहिल्यासारखा आहे.

तिथी अज्ञात असेल तर अमावास्या आहेच. आजचा दिवस त्यासाठीच आहे. गोत्र अज्ञात असेल तर काश्यप गोत्राचा उच्चार करावा, अशी जुनी परंपरा आहे. भाऊ परदेशात असल्याने त्याच्या संमतीने प्रतिनिधी बसू शकतो. त्याला दूरध्वनी लावला, त्याने संमती दिली आणि बहिणीने बसायचे ठरले. शेजारून आलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना हे रुचले नाही. मुलीने पिंड द्यायचा नसतो, असे ते म्हणाले. मी त्यांना आदराने सांगितले की पुत्र नसेल तेव्हा पत्नी आणि कन्या यांची नावे अधिकाऱ्यांच्या क्रमात येतातच, येथे तर पुत्राची संमतीही आहे, आणि ज्या मुलीने नोंदवह्यांतून आपला पूर्वज शोधून काढला तिला उठवून दुसऱ्या कोणाला पाटावर बसवण्याचे पाप माझ्याकडून होणार नाही. ते गप्प राहिले, परंतु उठून गेले नाहीत, आणि शेवटपर्यंत बसले, याचे मला समाधान वाटले.

खरी अडचण वेगळीच होती. पिंड तीन पिढ्यांना दिला जातो, पिता, पितामह आणि प्रपितामह यांना. पाचव्या पुरुषाच्या नावाचा पिंड नाही. हे मी सांगितले तेव्हा मुलीचा चेहरा उतरला. त्या कागदासाठी तिने किती खेपा घातल्या असतील, ते तिच्याकडे पाहून कळत होते. मी तिला थांबायला सांगितले, कारण नियम तेथे संपत नाही. चौथा, पाचवा आणि सहावा हे तीन पुरुष ‘लेपभाज’ म्हणून ओळखले जातात. पिंड ठेवून झाल्यावर हाताला जो भाताचा लेप राहतो, तो दर्भाच्या मुळाशी पुसायचा असतो आणि तो या तिघांचा वाटा असतो. पुष्कळ घरांत आणि भारतातही पुष्कळ पुरोहितांकडून ही क्रिया हात झटकल्यासारखी घाईने उरकली जाते. पाहणाऱ्याला वाटते की हात स्वच्छ केला. प्रत्यक्षात त्या एका कृतीत घराण्याच्या तीन पिढ्या जेवत असतात. मी तिला म्हटले, “तुझा हा पूर्वज पंक्तीबाहेर नाही. त्याचे पान वाढलेले आहे, फक्त ते कोठे आहे हे तुला कोणी दाखवले नव्हते.”

वेळ पाहून ठेवला होता. दिवसाचे पाच भाग करून चौथा भाग, म्हणजे अपराह्ण, श्राद्धाला घ्यायचा. मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्याने भ्रमणध्वनीवर आलेली भारतातली वेळ जशीच्या तशी उपयोगाची नसते; तेथल्या सूर्योदयावरून मोजता तो काळ दुपारी एकनंतर सुरू होऊन साडेतीनच्या सुमारास संपत होता. तीळ, जव, ताम्हण, पळी-पंचपात्र अशी सिद्धता झाली. आमच्यासोबतच्या पुरोहितांनी दर्भ आणले होते. ब्राह्मणांच्या जागी दर्भाचे चट, म्हणजे त्यांचे प्रतीक म्हणून दर्भाच्या जुड्या, मांडले. पाटावर बसताना नातीने विचारले की येथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, तर तोंड उत्तरेकडे करायचे का? प्रश्न बुद्धीचा होता. सूर्य कोठेही असो, पितरांची दिशा दक्षिण, हे मी सांगितले. शिवाय आता दक्षिणायन चालू आहे, म्हणजे सूर्य खरोखरीच त्यांच्या बेटाच्या माथ्याकडे येत आहे, हेही दाखवून दिले. ते ऐकून आजीही खुश झाल्या.

पिंड झाले. मग मी मंत्र थांबवून तिला सांगितले की आता घाई करायची नाही. तिने उजवा तळवा दर्भाच्या मुळाशी टेकवला आणि कागदावरचे ते नाव, बापाच्या नावासह, मोठ्याने उच्चारले. लेपभाज पितर तृप्त होवोत, हे वचन मी म्हटले. या वचनात व्यक्तीचे नाव येत नाही, परंतु घरच्या भाषेत ते उच्चारायला मी मुद्दाम सांगितले होते, कारण बंदरावर क्रमांक देऊन नोंदवला गेलेला तो माणूस आपल्या वंशजांच्या तोंडून नावाने हाक मारला जाणे मला विधीइतकेच महत्त्वाचे वाटले. आजी मोठ्याने रडल्या. सुनेने त्यांना सावरले.

आणि मग आजींनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी अपेक्षा केली नव्हती. “गुरुजी, ह्याचं झालं. पण जे बोटीतच मेले, ज्यांना दर्यात सोडलं, त्यांचं कोण करतं?” त्यांच्या सासूने त्यांना सांगितले होते की बोटीवर ताप पसरे आणि माणसे वाटेतच जात. अशांची नोंद या घराजवळ नव्हती, नाव नव्हते, आपले की परके हेही माहीत नव्हते.

याचे उत्तर तर्पणाच्या अखेरच्या श्लोकांत आहे. मी ते दरवर्षी म्हणतो, परंतु त्या ओसरीवर ते म्हणताना माझाच आवाज भरून आला. ‘अतीतकुलकोटीनां सप्तद्वीपनिवासिनाम्’, होऊन गेलेल्या कोट्यवधी कुळांतील, सातही द्वीपांवर राहणाऱ्या सर्वांना हे तिलोदक पोचो, असा त्याचा आशय. त्याच्या जोडीला बांधव असोत वा नसोत, अन्य जन्मीचे बांधव असोत, सर्व तृप्त होवोत, असाही श्लोक म्हणतात. मी आजींना अर्थ सांगितला आणि म्हटले की ही अंजली त्यांच्यासाठीच आहे, आणि ती तुम्हीही द्या.

ओसरीच्या कडेला आजींच्या नात्यातले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या आजोबांच्या वेळी ती शाखा कॅथलिक झाली होती. पूर्वज मात्र तोच, कागदावरचा. ते उठून जवळ आले आणि क्रिओलमध्ये नातीला काही बोलले. पाणी देता येईल का, असे ते विचारत होते. पिंडदानाचा अधिकार मी त्यांना दिला नसता; त्यासाठी जी दीक्षा आणि जो आचार लागतो, तो त्यांचा नाही, आणि त्यांनी तो मागितलाही नाही. परंतु बांधव आणि अबांधव दोघांनाही पाणी पोचवणारा श्लोक नुकताच म्हणून झाल्यावर, रक्ताच्या नातलगाच्या ओंजळीत तीळ घालण्यास नकार देणे मला शक्य नव्हते. हा निर्णय माझा होता आणि त्याचे उत्तरदायित्व मी घेतो. मी त्यांना दक्षिणेकडे तोंड करून बसवले, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पाणी कसे सोडायचे ते दाखवले, आणि सकाळी तलावावरून आणलेल्या कलशातले पाणी त्यांच्या ओंजळीत घातले. मघाशी हरकत घेणारे ज्येष्ठ गृहस्थही त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनीही आपल्या पितरांना अंजली दिली.

पुढचे थोडक्यात. काकबळीचे पान आंब्याखाली ठेवले, तर कावळा काही फिरकला नाही, साळुंक्या मात्र आल्या. सून चिंतेत पडली. मी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि पिंड पाण्यात सोडण्यास सांगितले, कारण शास्त्राला तेही मान्य आहे. मग सर्वांबरोबर जेवलो.

निघण्यापूर्वी नातीने वही आणली आणि सर्व विधी लिहून मागितला. मी क्रम लिहून दिला, अपराह्णाची वेळ तेथल्या सूर्योदयावरून कशी काढायची ते उदाहरणासह दाखवले आणि लेपाच्या ओळीखाली रेघ मारली. संध्याकाळी जवळच्या देवळात माझे प्रवचन ठरलेले होते. विषय दुसराच जाहीर झाला होता, परंतु विश्वस्तांची परवानगी घेऊन मी तेथे पिंड, लेप आणि तिलोदक हाच विषय मांडला. प्रवचन संपल्यावर काही कुटुंबे त्या तरुण पुरोहितांभोवती जमली. मोक्याला कागद मागण्यासाठी अर्जात काय लिहावे लागते, हे ते नातीला पुढे बोलावून तिच्याकडूनच त्यांना सांगवत होते.