बँडचा व्हिडिओ: गाणं पुढे, ओठ मागे

आमच्या बँडच्या गाण्याचा व्हिडिओ करतोय, मागच्या नोंदीत लोकेशनपर्यंत आलो होतो. बेसिस्टच्या काकांचं भोसरीतलं वर्कशॉप, रविवारी बंद असतं. या रविवारी अखेर शूट झालं. निम्मं झालं, असं म्हणू.

युक्ती जुनीच आहे. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्याच वेगाने ओठ हलवायचे आणि कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवायचा. ते फुटेज २५ वर चालवलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण केस, शर्ट, घामाचे थेंब सगळं तरंगल्यासारखं संथ दिसतं. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘येलो’ गाण्याच्या व्हिडिओत (२०००) किनाऱ्यावरून चालत येणारा त्यांचा गायक ख्रिस मार्टिन असाच शूट केलाय. आमच्याकडे समुद्र नाही, लेथ मशीन आहे.

गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं, म्हणजे टेक २ मिनिटं ५ सेकंदांत संपतो. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या गायकाची पहिल्याच कडव्यात बोबडी वळली. स्वतः लिहिलेली जोडाक्षरं स्वतःलाच भोवली! ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा टेम्पो (लय) वाढवून पट्टी तीच ठेवली होती. नुसता स्पीड वाढवला तर आवाज इतका चिरका होतो की हसू आवरत नाही.

लाइटने अर्धा तास खाल्ला. वर्कशॉपमध्ये एलईडी ट्यूब आहेत, शटर १/१२५ वर होतं (म्हणजे एक फ्रेम टिपायला सेकंदाचा १२५वा भाग) आणि स्क्रीनवर काळसर पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० केलं, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये एक पूर्ण लुकलुक मावते, पट्टे गेले.

ड्रमरचे मात्र हाल झाले. मूळ ९२ बीपीएम (मिनिटाला ९२ ठोके), दुप्पट म्हणजे १८४. साधा ठेका कसाबसा निघाला, रोल (भराभर सलग ठोके) आला की काठ्या एकमेकींत अडकायच्या. मग रोलचे शॉट नेहमीच्या वेगातच घेतले. नाहीतरी चार मिनिटं सगळंच स्लो मोशन म्हणजे लग्नाचा व्हिडिओ.

स्नेअर ड्रमवर टाल्कम पावडर टाकून एक शॉट घेतला. काठी पडते, पांढरा ढग उठतो आणि लाइटमध्ये तसाच लोंबकळत राहतो. आतापर्यंतचा सगळ्यात भारी शॉट. तेवढ्यात काका चहा घेऊन आले. “अरे, बारसं आहे का इथे कुणाचं?” नंतर लेथवरची पावडर पुसायला आम्हा पाचही जणांना बसवलं.

आता खरा घोळ. रात्री एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज टाइमलाइनवर टाकलं. पहिली ओळ चोख जुळली, दुसरी जराशी सैल, कडवं संपेपर्यंत गायक डब केलेल्या सिनेमातला वाटायला लागला. आधी वाटलं, यानेच ओळ उशिरा उचलली. त्याला रात्री साडेअकराला फोन करून झापलंसुद्धा. चूक माझी होती. प्रोजेक्ट सवयीने २४ फ्रेमचा केला होता. हिशोब बघा: एक मिनिटाचं गाणं शूटला ३० सेकंदांत वाजलं, त्याच्या १५०० फ्रेम झाल्या. त्या २४ ने चालवल्या की ६२.५ सेकंद लागतात. दर मिनिटाला अडीच सेकंद ओठ मागे! फुटेज आत घेतल्यावर माझं सॉफ्टवेअर फ्रेम रेट बदलू देत नाही, त्यामुळे २५ चा नवा प्रोजेक्ट उघडून सगळं पहिल्यापासून लावलं. गायकाची माफी मागितली, मिसळीवर तडजोड झाली.

जुळवताना एक लक्षात आलं. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, डोळा तेवढंच पकडतो. तीच अक्षरं वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) बरोबर बसवली तर मधल्या त, ळ, ण मध्ये एखाद-दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी कळत नाही.

सध्या पहिलं कडवं आणि ध्रुवपद पक्कं आहे. दुसऱ्या कडव्याचा एकही टेक धड नाही, तो पुढच्या रविवारी. गायक तोवर स्कूटरवरून येता-जाता दुप्पट वेगाने पुटपुटतोय, सिग्नलला शेजारचे बघत असतात म्हणे.