तुम्ही विचारलंत म्हणून: प्रपोजलचं टेम्प्लेट मी का देत नाही

फ्रीलान्सिंग नुकतंच सुरू केलेल्यांचे जे मेसेज येतात ना, त्यातले निम्मे तरी एकाच वळणाचे असतात. "ताई, अपवर्कवर प्रोफाईल बनवलंय, रोज प्रपोजल टाकतोय, कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. तुमचं एखादं चालणारं टेम्प्लेट असेल तर द्या ना." (अपवर्क म्हणजे अशी सुटी कामं देणाऱ्या-घेणाऱ्यांची वेबसाईट, आणि प्रपोजल म्हणजे तिथे एखाद्या कामासाठी केलेला अर्ज.) दर वेळी मी तुकड्यातुकड्यात उत्तर देते आणि अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

टेम्प्लेट नाहीये माझ्याकडे. लपवून ठेवलंय असं नाही हो, खरंच नाहीये, आणि असतं तरी तुमच्या उपयोगाचं नव्हतं, कारण प्रपोजलमधलं खरं काम लिहिण्याचं नसतंच, ते समोरची पोस्ट नीट वाचण्याचं असतं आणि ते टेम्प्लेटमध्ये भरून देता येत नाही.

आधी क्लायंटला काय दिसतं ते बघा. त्याने काम टाकलं, तासाभरात तीस-चाळीस जणांनी अर्ज केले. त्याच्या स्क्रीनवर एक यादी येते, प्रत्येकाचा फोटो, नाव, प्रोफाईलची एक ओळ, रेट, आणि कव्हर लेटरच्या सुरुवातीच्या दोनेक ओळी. बस्स. पुढचं वाचायचं तर त्याला क्लिक करावं लागतं आणि तो काही चाळीस वेळा क्लिक करत बसणार नाही. आता त्या दोन ओळींत बहुतेक जण काय लिहितात? "डिअर हायरिंग मॅनेजर, आय हॅव केअरफुली रेड युवर जॉब पोस्ट अँड आय ॲम अ हार्डवर्किंग प्रोफेशनल..." संपल्या दोन ओळी. नीट वाचलंय असं सांगण्यातच त्या गेल्या, वाचल्याचा पुरावा मात्र कुठेच नाही. आणि हेच वाक्य वरच्या सहा जणांनी आणि खालच्या नऊ जणांनी पण लिहिलेलं असतं.

नुसतं बोलून कळणार नाही, एक पोस्ट घेऊ. ही मी बनवलेली आहे पण अशा रोज दिसतात. कपड्यांचं ऑनलाईन दुकान आहे, तीन सप्लायरकडून तीन वेगळ्या एक्सेल शीट आल्यात, सगळी मिळून सातशेच्या आसपास प्रॉडक्ट्स, साईज कुणी 'एम' लिहिलीय, कुणी 'मीडियम', कुणी नुसतं '38', ते सगळं एकसारखं करून शॉपिफायवर (ऑनलाईन दुकान चालवायची वेबसाईट) चढवायचं, शुक्रवारपर्यंत हवं. आणि शेवटी एक ओळ: मागच्या वेळी ज्याला काम दिलं त्याने बारकोड बिघडवून ठेवले, तसं पुन्हा नको.

नवखा माणूस यातून शब्द उचलतो. एक्सेल, शॉपिफाय, डेटा एन्ट्री. आणि लिहितो की मला एक्सेल येतं, शॉपिफाय येतं, डेटा एन्ट्री येते. अरे पण जे अर्ज करतायत त्या सगळ्यांना ते येतंच की! (निदान तसं ते म्हणतात तरी.) खरी ओळ शेवटची आहे. हा माणूस दुधाने तोंड पोळून घेतलेला आहे, आता ताकसुद्धा फुंकून पिणार. त्याला तुमची मेहनत, तुमची पॅशन वगैरे काही नकोय, त्याला फक्त एवढं कळायला हवंय की बारकोड पुन्हा बिघडणार नाहीत.

आता बारकोड बिघडतात कसे? शॉपिफायवर प्रॉडक्ट्स चढवायला लागते ती सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाईल, डबल क्लिक करून थेट एक्सेलमध्ये उघडली की एक्सेल बारकोडला साधा आकडा समजतं, सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं, आणि नंबर तेरा आकडी असला तर 5.01ई+12 असलं काहीतरी दाखवायला लागतं, आणि तशीच फाईल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मधले-शेवटचे आकडे गेले ते गेलेच. उपाय सोपा आहे, फाईल इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्यायचा. हे ज्याला माहितीय त्याच्या पहिल्या दोन ओळी आपोआप ठरल्या ना? मी साधारण असं लिहीन, जातं अर्थातच इंग्रजीत (यात व्हेरियंट म्हणजे एकाच प्रॉडक्टचे साईज-रंगाचे प्रकार, आणि हँडल म्हणजे शॉपिफायच्या फाईलमधली त्या प्रॉडक्टची ओळख):

"नमस्कार, बारकोड बहुतेक सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केल्यामुळे बिघडले असावेत. मी तो कॉलम टेक्स्ट म्हणूनच घेईन आणि अपलोड झाल्यावर प्रत्येक बारकोड मूळ शीटशी ताडून बघेन. दोन गोष्टी आधी विचारते. एकाच शर्टच्या एस, एम, एल या साईज एकाच प्रॉडक्टखाली व्हेरियंट म्हणून हव्यात की वेगवेगळी प्रॉडक्ट्स? शॉपिफायच्या फाईलमध्ये व्हेरियंटच्या सगळ्या ओळींना एकच हँडल द्यावं लागतं, त्यामुळे हे सुरुवातीलाच ठरलेलं बरं. आणि '38' म्हणजे एम धरायचं का, की त्या सप्लायरचा साईज चार्ट वेगळा आहे? आधी 20 प्रॉडक्ट्स करून दाखवते, तुम्ही तपासा, मग उरलेली करते. गुरुवारी काम पूर्ण देईन, म्हणजे तपासायला शुक्रवार तुमच्या हातात राहील."

संपलं. यात मी कोण, किती मन लावून काम करते, किती वर्षांचा अनुभव, एक शब्द नाहीये. सगळं त्याच्या कामाबद्दल आहे. आणि ते दोन प्रश्न बघा, ते शोभेला टाकलेले नाहीत, त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय काम खरंच सुरू होऊ शकत नाही. "तुमचं बजेट किती आहे?" किंवा "आणखी डिटेल्स मिळतील का?" हे प्रश्न नव्हेत, ही टाळाटाळ आहे, कारण पुष्कळदा त्याची उत्तरं पोस्टमध्येच लिहिलेली असतात. काही क्लायंट तर मुद्दाम पोस्टच्या मधोमध लिहून ठेवतात की वाचलं असेल तर सुरुवातीला अमुक एक शब्द लिहा, आणि जो लिहीत नाही त्याचं प्रपोजल न वाचताच बाजूला. मला ही युक्ती आधी फार बालिश वाटायची, पण कॉपी-पेस्ट प्रपोजलांचा ढीग बघितल्यावर त्यांचाही नाईलाज कळतो.

यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, की ताई मला ते हँडल-बिंडल माहीतच नाही, मग मी काय लिहू? दोनच रस्ते आहेत. एक, हे काम तुमचं नाही, सोडा. दोन, अर्धा तास घालवा, शॉपिफायच्या हेल्प पेजवर नमुन्याची सीएसव्ही फाईल फुकट मिळते, ती उघडा, कॉलम बघा, एक खोटं प्रॉडक्ट बनवून बघा. त्या अर्ध्या तासाने तुम्ही एक्सपर्ट होणार नाही, पण नेमका प्रश्न विचारण्याइतकं कळेल, आणि त्यातून हे काम झेपणारं आहे की नाही हेही तुमचं तुम्हालाच कळेल, जे जास्त महत्त्वाचं आहे.

आता राहिला अनुभव. एकही रिव्ह्यू नाही, प्रोफाईल कोरं, मग विश्वास कोण ठेवणार. हे खरंय, उगाच धीर द्यायला खोटं बोलणार नाही, पहिलं काम मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण रिव्ह्यू नाही म्हणजे अनुभव नाही असं नसतं. कुणी ऑफिसात स्टॉकचं रजिस्टर सांभाळलेलं असतं, कुणी शाळेचे निकाल एक्सेलमध्ये बसवलेले असतात, कुणी संस्थेचा वार्षिक अंक टाईप करून, प्रूफं तपासून दिलेला असतो. हे सगळं काम आहे, ते प्लॅटफॉर्मवर झालं नाही इतकंच. आणि तेही नसेल तर सॅम्पल बनवा. एक कल्पित दुकान घ्या, मुद्दाम गचाळ शीट बनवा, मग ती साफ करा, आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रोफाईलवर लावा. फक्त हे सॅम्पल आहे असं स्पष्ट लिहा. दुसऱ्याचं काम उचलून आपलं म्हणून लावणारे खूप आहेत आणि क्लायंटने कॉलवर एक बारीक प्रश्न विचारला की सगळं उघडं पडतं.

"मी नवीन आहे, प्लीज एक संधी द्या" हे मात्र लिहू नका. क्लायंट काही परोपकार करायला बसलेला नाहीये, त्याला शुक्रवारपर्यंत सातशे प्रॉडक्ट्स हवीत.

कुठे अर्ज करायचा यावरही थोडं बोलायला हवं कारण फुकट नाहीये ते. अपवर्कवर अर्ज करायला कनेक्ट्स लागतात, म्हणजे तिथली विकत घ्यायची टोकनं, एक कनेक्ट 0.15 डॉलरला, म्हणजे 16 कनेक्ट्सच्या कामावर अर्ज केला की 2.40 डॉलर गेले, काम मिळो न मिळो. रोज दहा ठिकाणी आंधळेपणाने टाकत बसलात तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून अर्ज करण्याआधी क्लायंटची बाजू बघायची. पेमेंट व्हेरिफाईड आहे का (म्हणजे त्याची पैसे देण्याची सोय अपवर्कने तपासलीय का), आधी किती खर्च केलाय, टाकलेल्या कामांपैकी कितींवर माणूस घेतलाय, आत्ता कुणाशी इंटरव्ह्यू सुरू आहेत का, शेवटचा कधी येऊन गेला. वीस कामं टाकून एकावरही माणूस न घेतलेला क्लायंट असेल तर कितीही गोड पोस्ट असू दे, पुढे चला. आणि त्याने आधीच्या लोकांना काय रिव्ह्यू दिलेत आणि त्या लोकांनी त्याला काय दिलेत ते वाचाच. कधीकधी तिथे त्याचं नावही सापडतं, मग "डिअर सर"ऐवजी नावाने सुरुवात करता येते, पण नक्की तोच आहे अशी खात्री असेल तरच हं.

रेटबद्दल माझं मत जरा कडक आहे. सगळ्यात कमी बोली लावून काम मिळवायचं हा सल्ला सर्रास देतात, मला तो पटत नाही. अगदी पडेल भावाची बोली बघून चांगला क्लायंट उलट बिचकतो, आणि ज्याला तीच आवडते तो पुढे प्रत्येक सेंटसाठी घासाघीस करतो. प्लॅटफॉर्मचा कट धरून रेट ठरवा, फायव्हरवर (अपवर्कसारखीच दुसरी वेबसाईट) तो 20 टक्के आहे, म्हणजे 50 डॉलरच्या कामाचे 40 हातात.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून चॅटजीपीटीकडून लिहून घेतो, असं बरेच जण सांगतात. व्याकरण तपासून घ्या, काही हरकत नाही, मीही घेते. पण पोस्ट चिकटवून "प्रपोजल लिहून दे" म्हटलंत की जे येतं ते बाकीच्यांनाही तसंच येतं, तीच उत्साही सुरुवात, तेच "परफेक्ट फिट". आधी तुमच्या मोडक्यातोडक्या भाषेत मुद्दा लिहा, बारकोड, व्हेरियंट, गुरुवार, आणि मग तेवढंच नीट करून मागा. छोटी साधी वाक्यं चालतात. ज्याला काम द्यायचंय त्यालाही पुष्कळदा इंग्रजी परकंच असतं.

फुकट टेस्टचं विचारतात. चार-पाच ओळी स्वतःहून साफ करून दाखवणं ठीक, पण "आधी पन्नास प्रॉडक्ट्स करा, आवडलं तर बघू" म्हटलं की छोटं पेड टेस्ट ठेवूया असं सांगा, खरा क्लायंट ऐकतो. आणि जो अर्ज टाकताच टेलिग्रामवर या म्हणतो, किंवा रजिस्ट्रेशन फी, सिक्युरिटी डिपॉझिट असलं काही मागतो, तिथे बोलायचंही नाही, रिपोर्ट करायचं. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

रिप्लाय आला तर? बहुतेक वेळा तो नुसता "हाय, आर यू अव्हेलेबल?" एवढाच असतो, आणि आपण आनंदात "येस सर" लिहून थांबतो. थांबू नका. हो म्हणा, कधी सुरू करू शकता ते सांगा, आणि प्रपोजलमधलाच प्रश्न पुन्हा समोर ठेवा, साईज व्हेरियंट म्हणून ठेवू ना? म्हणजे बोलणं लगेच कामावर येतं. मग ऑफर आली की फिक्स्ड प्राईसच्या कामात माइलस्टोन फंड झालेला दिसतोय का, म्हणजे त्या टप्प्याचे पैसे क्लायंटने अपवर्ककडे आधीच जमा केलेत का, ते बघा, तो दिसेपर्यंत शीटला हात लावू नका. आणि काम झालं की फाईल नुसती चॅटमध्ये पाठवून मोकळे होऊ नका, ते सबमिट करायचं बटण दाबा, कारण अपवर्कवर क्लायंट 14 दिवस गप्प बसला तर पैसे आपोआप सुटतात खरे, पण ते दिवस सबमिट केल्यापासूनच मोजले जातात.