तुम्ही विचारलंत म्हणून : शाफ्टला क्रॅक आहे, हंगाम निघेल का?

लातूर, बीड, परभणीकडच्या साखर कारखान्यांतून ऑफ सीझनला ठरलेला प्रश्न येतो : डीपी टेस्टमध्ये (रंगद्रव्य लावून पृष्ठभागावरचे क्रॅक शोधायची चाचणी) मिल रोलरच्या जर्नलला (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग), फिलेटवर (व्यास बदलतो तिथली गोलाई) क्रॅक दिसलाय, कॉम्प्युटरवर बघून सांगा, हंगाम निघेल का?

सांगतो, पण आधी खोली द्या. डीपीत दिसते ती फक्त लांबी.

हिशोब पॅरिस नियमाचा, म्हणजे क्रॅक वाढण्याच्या वेगाच्या सूत्राचा. दर फेऱ्याला क्रॅक किती वाढतो, ते डेल्टा-केच्या (क्रॅकच्या टोकाजवळचा ताण एका फेऱ्यात किती तीव्रतेने वर-खाली होतो, त्याचं माप) साधारण तिसऱ्या घातावर ठरतं. साध्या कार्बन स्टीलसाठी गुणांक ६.९ × १०⁻¹² घेतात, मीटर आणि मेगापास्कल-रूट-मीटरमध्ये. (न्यूटन-मिलिमीटरचा गुणांक इथे टाकला की उत्तराची पार वाट लागते. हे फार होतं.)

फिलेटवर ओढीचा ताण १५० मेगापास्कल, क्रॅक अर्धगोल, खोली ५ मिमी झाली की रोलर काढायचा, असं धरू. सुरुवात ०.५ मिमीची असेल तर १३ लाख फेरे मिळतात. १ मिमीची असेल तर ७.४ लाख. रोलर मिनिटाला ५ फेरे फिरतो, म्हणजे १५० दिवसांच्या हंगामात १०.८ लाख. पहिला शाफ्ट हंगाम काढतो, दुसरा १०३ दिवसांत मर्यादा गाठतो. फरक अर्ध्या मिलिमीटरचा! उलट शेवटची मर्यादा ५ ऐवजी १० मिमी केली, तर पहिल्याला जेमतेम २४ दिवस वाढतात. म्हणून मर्यादेवर वाद घालण्यात अर्थ नाही, अल्ट्रासॉनिकने (ध्वनिलहरींच्या चाचणीने) खोली नीट मोजा.

कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये शाफ्टचे छोटे तुकडे पाडतो; त्यांना एलिमेंट म्हणतात, त्यांच्या जाळीला मेश. क्रॅकच्या टोकाभोवतीचे एलिमेंट खोलीच्या दहाव्या हिश्श्याहून लहान ठेवतो आणि मिड-साइड नोड (एलिमेंटच्या कडेच्या मधला बिंदू) टोकाकडे पाव अंतरावर सरकवतो. डेल्टा-के काढायला जे-इंटिग्रल वापरतो, म्हणजे टोकाभोवतीच्या कड्यांवर (कंटूर) केलेली बेरीज; त्यातला पहिला कंटूर सोडून द्यायचा. पुढचे तीन-चार जुळले नाहीत तर मेश बिघडलंय. फिरत्या शाफ्टला अर्धा फेरा ओढ, अर्धा दाब. दाबात क्रॅक मिटतो, म्हणून ओढीचीच बाजू धरतो. ताण १० टक्के कमी धरला गेला, तर खरं आयुष्य उत्तरापेक्षा पाव हिश्श्याने कमी निघतं.

आणि हे आकडे कोरड्या हवेतले. जर्नलवर उसाचा आंबट रस झिरपत असेल तर वाढ यापेक्षा वेगाने होते. तिथे आमच्या आकड्याच्या निम्म्या दिवसांनी, मिल सफाईला थांबली की, पुन्हा अल्ट्रासॉनिक करा. खोली हिशोबापेक्षा जास्त भरली तर स्पेअर रोलर चढवा.