सर्दी झालेला इग्वाना

"डॉक्टर, ह्याची सर्दी काय जाईना हो," म्हणत काकांनी मासळीचा थर्माकोलचा बॉक्स टेबलावर ठेवला. म्हापशात मी रोज कुत्री-मांजरं बघतो, आणि आत बसलेला पोपटी इग्वाना, म्हणजे मोठा सरडाच, डोक्यावर निळसर झाक, शेपटीवर गडद पट्टे, वय दीड वर्ष. मूळचा मध्य-दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचा. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा परदेशी प्राणी घरी असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं, कशाला सांगेल.

तर सर्दी. इग्वानाच्या नाकात जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, ते शिंकतात आणि नाकपुडीवर पांढरी खपली सुकते, काचेवर पण ठिपके उडतात. यात आजार काही नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी काकांनी फोन केला तेव्हा मीच, न बघता, "इन्फेक्शन असेल, एसी बंद ठेवा" म्हणून मोकळा झालो होतो.

खपली पुसताना बोट खालच्या जबड्याला लागलं आणि जबडा दबला. ओल्या रबरासारखा. मग नीट बघितलं तर पुढच्या पायांची बोटं थरथरत होती, मांड्या टम्म. काका कौतुकाने म्हणाले, "बघा कसा भरलाय!" भरला नव्हता हो, कॅल्शियम नाही म्हणून हाडं मऊ पडली की शरीर त्यांच्याभोवती असं काहीतरी लिंपत बसतं. एक्स-रेत हाडं इतकी पुसट की फिल्म वाया गेली असं वाटलं. खाणं काय तर काकडी, लेट्युस, लाडाने उकडलेलं अंडं, आणि हा प्राणी पक्का शाकाहारी. पिंजरा खिडकीत, "ऊन भरपूर मिळतं" म्हणे, पण काचेतून उन्हातले यूव्हीबी किरण येत नाहीत, त्यांच्याशिवाय अंगात व्हिटॅमिन डी-३ बनत नाही, आणि ते नसलं की कॅल्शियम अंगी लागत नाही. वर आमचा जुलै.

तोंडातून कॅल्शियम, यूव्हीबी ट्यूब, आणि दारातल्या शेवग्याचा पाला नि जास्वंद. काका बोटीवर काम केलेले, टाइम पाळतात, एक डोस चुकवला नाही त्यांनी.

परवा परत आणला. जबडा कडक झालाय पण डावीकडे वाकडा, तो तसाच राहणार. काका खूश आहेत, जाताना शहाळी ठेवून गेले. त्या फोनबद्दल मी त्यांना अजून काही बोललो नाहीये.