मॅन्युअल कूपेची टेस्ट ड्राइव्ह मिळवताना: माझा अनुभव

परवडेल अशी, चपळ आणि मॅन्युअल गिअरची नवी कूपे, म्हणजे दोन दारांची बुटकी गाडी, घ्यायची ठरवली, तर आज गाडी निवडण्यात फार वेळ जात नाही, कारण निवडायला फारसे काही उरलेलेच नाही. होंडाने सिव्हिकचे कूपे मॉडेल २०२० नंतर बंद केले. चार सिलिंडरची फोर्ड मस्टँग २०२४च्या मॉडेलपासून फक्त ऑटोमॅटिक मिळते आणि मॅन्युअल हवी असेल तर थेट आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची गाडी घ्यावी लागते. होंडाचे प्रेल्यूड हे जुने नाव २०२५ साली परत आले खरे, पण हायब्रिड होऊन आणि क्लचच्या पेडलाशिवाय. टोयोटा जीआर८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड या दोघींमध्ये मात्र एकच २.४ लिटरचे बॉक्सर (आडव्या, समोरासमोरच्या सिलिंडरांचे) इंजिन, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आणि सहा गिअरची मॅन्युअल पेटी अजून आहे. त्यामुळे गाडी ठरायला मला एक संध्याकाळ पुरली. ती चालवून पाहायला मिळावी म्हणून मात्र जे करावे लागले, त्याचा राग अजून गेलेला नाही.

शोरूमला फोन करताना मी स्पष्ट विचारले होते की टेस्ट ड्राइव्हसाठी मॅन्युअल गाडी आहे ना. आहे, असे उत्तर मिळाले. वेळ ठरली, लायसन्सची प्रत आधीच पाठवून झाली, आणि मी पोहोचले तेव्हा दारात धुऊनपुसून उभी होती ती ऑटोमॅटिक. विक्री प्रतिनिधीचे म्हणणे असे की इंजिन तेच, सस्पेन्शन तेच, स्टिअरिंग तेच. फरक काय तो क्लचचा, आणि तो तर तुम्हाला येतोच. हे ऐकायला पटण्यासारखे वाटते, म्हणून ते का पटवून घेऊ नये, हे जरा सविस्तर सांगते.

या गाडीत आसन जमिनीलगत आहे आणि पाय जवळजवळ सरळ पुढे जातात. ऑटोमॅटिकमध्ये आपण हात स्टिअरिंगपर्यंत कसे पोहोचतात ते पाहून आसन लावतो. मॅन्युअलमध्ये आधी क्लच पूर्ण खाली दाबून, गुडघ्यात थोडा वाक राहील असे आसन लावावे लागते आणि मग स्टिअरिंग पुढेमागे करून त्याच्याशी जुळवावे लागते. म्हणजे बसण्याची जागाच बदलते, आणि तिच्याबरोबर डोक्यावरची मोकळी जागा, आरशातले दृश्य आणि गिअरच्या दांड्यापर्यंतचे अंतरही बदलते. शिवाय वेग कमी करताना खालच्या गिअरमध्ये येताना इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आपोआप जुळवून देणारी सोय या मॅन्युअल गाडीत नाही. ते काम चालकाच्या पायाचे. ब्रेक दाबलेला असताना त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टोचणी देता येते की नाही, हे दोन पेडलांमधले अंतर आणि आपल्या पायाची ठेवण यांवर ठरते. ऑटोमॅटिक कितीही किलोमीटर चालवली तरी या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. मी ती चालवली नाही, आणि त्याबद्दल मला आजही समाधान वाटते.

त्यानंतर सुरू झाली ती टोलवाटोलवी. मॅन्युअल गाडी पुढच्या आठवड्यात येते आहे, असे आधी कळले. ती आली तेव्हा ती दुसऱ्या ग्राहकाची असल्याचे कळले. मग बुकिंग करा, रक्कम भरा, तुमची गाडी आली की सर्वांत आधी तुम्हीच चालवा, असा प्रस्ताव आला. मी अर्ज मागवून वाचला. बुकिंगची रक्कम रद्द केल्यास परत मिळणार नाही, असे खालच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले होते, आणि वर मॉडेल व रंग लिहून झाल्यावर गिअरबॉक्सचा रकाना प्रतिनिधीने कोराच ठेवला होता. तो भरायला सांगितल्यावर, ते नंतर सिस्टीममध्ये टाकू, असे उत्तर आले. मी पेन खाली ठेवले. जी गोष्ट तपासण्यासाठी टेस्ट ड्राइव्ह असते, तीच विकत घेतल्याशिवाय तपासता येणार नाही, ही अट कोणीही मान्य करू नये.

मग मी व्यवस्थापकांना भेटले. त्यांनी दिलेली दोन कारणे येथे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. पहिले असे की मॅन्युअलची सवय नसलेले लोक अर्धा क्लच दाबून ठेवतात, गाडी चढावर क्लचवरच तोलून धरतात, आणि थोड्याच दिवसांत डेमो गाडीचा क्लच जळतो. हे खरे आहे, पण त्यावर उपाय म्हणजे प्रतिनिधीने शेजारी बसणे आणि पहिल्याच वळणापर्यंत चालकाचा अंदाज घेणे. सगळ्यांनाच नकार देणे हा उपाय नव्हे. दुसरे कारण असे की नव्या इंजिनाला सुरुवातीच्या काळात जोरात पळवायचे नसते. हेही बरोबर, सुबारूची सूचना पहिल्या १,६०० किलोमीटरपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर न जाण्याची आहे. पण नेमके याच इंजिनाच्या बाबतीत ही अडचण फारशी उरत नाही. २०१२ साली आलेल्या पहिल्या पिढीत २ लिटरचे इंजिन होते, त्याचा २०५ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ६,४०० आरपीएमच्या पुढे मिळायचा आणि मधल्या टप्प्यात ओढ कमी झाल्याचे स्पष्ट जाणवायचे. ४,०००च्या आत ती गाडी चालवून खरोखरच काही कळले नसते. आताच्या २.४ लिटरच्या इंजिनाचा २५० न्यूटन-मीटरचा टॉर्क ३,७०० आरपीएमलाच पूर्ण मिळतो. तेव्हा मर्यादा पाळूनही या इंजिनाचा बराचसा स्वभाव कळू शकतो. हे सर्व मी त्यांना शांतपणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि बघतो म्हणाले. पुढे काही झाले नाही.

अखेर वाट सापडली ती वापरलेल्या गाड्यांच्या विभागात, आणि तीही दुसऱ्या शोरूममध्ये. तेथे कोणीतरी नवी गाडी घेताना बदल्यात दिलेली, याच पिढीची मॅन्युअल गाडी विक्रीला उभी होती. तिचे इंजिन रुळलेले होते, त्यामुळे आरपीएमची मर्यादा नव्हती, आणि ती विकायचीच असल्याने चालवू देण्याला कोणाची हरकत नव्हती. नव्या गाडीच्या विक्री विभागाला हे सुचले नव्हते. मी विचारले म्हणून कळले. ज्यांना मॅन्युअल डेमो नाही असे सांगितले जाते, त्यांनी आधी या विभागात फोन करावा.

जाण्याआधीच मी त्यांना एक विनंती केली होती, ती फार उपयोगी पडली: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. या गिअरपेटीचे तेल थंड असताना दुसरा गिअर अडखळत पडतो, आणि रोज सकाळी आपल्याला हाच अनुभव येणार असतो. गरम करून ठेवलेली गाडी नेहमीच गोड वागते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मध्ये क्षणभर थांबला, जोर न लावता बोटांनी नुसता दाब धरून ठेवल्यावर आत गेला, आणि तेल गरम झाल्यानंतर तोच गिअर छोट्याशा हालचालीत, स्पष्ट खटका देत पडू लागला. रिव्हर्ससाठी दांड्यावरच्या मुठीखालची कडी बोटांनी वर उचलावी लागते. ती उचलून आधी उभ्या गाडीतच गिअर टाकून पाहावा.

क्लच हलका आहे, पण तो कुठे पकडतो हे सपाट जागी, अॅक्सिलरेटरला हात न लावता म्हणजे पाय न लावता, हळूहळू सोडून पाहणेच योग्य. चढावर ब्रेक काही क्षण धरून ठेवणारी यंत्रणा असल्याने तेथे नेमका अंदाज येत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून ओढून पाहिले तेव्हा गाडी कुरकुर न करता उठली, ३,५००च्या आसपास पाठ आसनाला टेकली, आणि त्यापुढे ७,०००पर्यंत इंजिनाचा उत्साह कमी झाला नाही. जो आवाज कानावर येतो त्यातला काही भाग स्पीकरमधून वाढवलेला असतो, म्हणून मी थोडा वेळ खिडकी उघडून चालवली. वळणावर नाक ज्या तत्परतेने आत येते, त्याचे वर्णन वाचून होत नाही; बॉक्सर इंजिन खाली बसवल्याचा आणि साधारण १,३०० किलोच्या आत राखलेल्या वजनाचा तो परिणाम आहे. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना टोचणी देऊन पाहिली. माझा पाय पोहोचला आणि गाडीने जराही झटका दिला नाही. इतके दिवस ज्यासाठी भांडत होते ते हेच होते, आणि तेव्हा झालेला आनंद लपवता आला नाही.

वापरलेलीच गाडी घेणाऱ्यांनी एक चाचणी जरूर करावी. कमी वेगात वरचा गिअर टाकून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. वेग न वाढता आरपीएम एकदम चढले, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. टेस्ट ड्राइव्हचा रस्ताही आपणच सुचवावा. शोरूम नेते तो रस्ता सहसा सिग्नलांचा असतो, आणि त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची खरी परीक्षा होत नाही. बूट पातळ तळाचे घालावेत. मागच्या आसनावर मोठ्या माणसाला बसवून पाहायची गरज नाही, ते बसू शकत नाही. पाठ आडवी पाडून सामान किती मावते, तेवढे पाहावे.

मी नव्या गाडीची मागणी नोंदवली ती याच दुसऱ्या शोरूममध्ये. अर्जावर गिअरबॉक्सच्या रकान्यात ‘६-स्पीड मॅन्युअल’ असे माझ्यासमोर लिहून घेतले, आणि उरलेली रक्कम भरण्याआधी माझ्या नावाची गाडी मी स्वतः, थंड इंजिनावर, ४,००० आरपीएमच्या आत चालवून पाहीन, ही ओळही त्याखाली सहीसह घालून घेतली.