डिशवॉशरमध्ये पाणी पुरेसे का भरत नाही

डिशवॉशरमध्ये पाणी कमी भरते आहे, हे बहुतेक घरांत लवकर लक्षात येत नाही. वरच्या कप्प्यातल्या पेल्यांवरचा चहाचा डाग तसाच राहतो, साबणाची वडी अर्धवट विरघळून झाकणाला चिकटलेली सापडते, आणि सगळे खापर साबणावर फुटते. खरी खूण कानाला कळते. पाणी पुरेसे असले की फवारा एका लयीत दारावर आदळत असल्याचा आवाज येतो. ते कमी पडले की पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो आणि तोच आवाज तुटक, कोणी गुळण्या करत असल्यासारखा होतो. अशा वेळी यंत्र मध्येच थांबवावे, वाफ जाऊ द्यावी आणि दार उघडून तळाकडे पाहावे. तळाच्या गाळणीपर्यंत पाणी आलेले दिसले पाहिजे. गाळणी उघडी पडलेली आणि मधल्या खळग्यातच थोडेसे पाणी असेल, तर साबण बदलून काही उपयोग नाही.

आम्ही लातूरला राहतो. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे इथे डिशवॉशर घेतला म्हटल्यावर पाहुण्यांचा पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. वस्तुतः पूर्ण भरलेल्या यंत्राला एका धुण्यासाठी साधारण १० ते १२ लिटर पाणी पुरते. तेवढीच भांडी वाहत्या नळाखाली घासली तर त्याच्या कितीतरी पट पाणी जाते. मात्र हे थोडके पाणीही यंत्राला ठरावीक वेळात आणि ठरावीक दाबाने हवे असते, हे यंत्र विकणारे सहसा सांगत नाहीत.

आतली रचना समजली की पुढचे सोपे जाते. यंत्र सुरू केले की आधी आतले शिल्लक पाणी बाहेर काढले जाते, मग विजेवर चालणारा इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि एका भरणीला साधारण तीन-चार लिटर पाणी आत येते. किती पाणी आले हे काही यंत्रे दाबावर चालणाऱ्या स्विचने ओळखतात, तर काही पाण्याच्या प्रवाहाने फिरणाऱ्या छोट्या चक्रीचे फेरे मोजतात. ठरलेल्या वेळेत भरणी झाली नाही, तर नवी यंत्रे नळाचे चिन्ह किंवा बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दाखवून थांबतात. काही जुनी यंत्रे आहे तेवढ्या पाण्यावर तसेच पुढचे काम उरकतात. म्हणून तपास बाहेरून आत करत यावा. टाकी, नळी, कॉक, जाळी आणि सगळ्यांत शेवटी यंत्र. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी मेकॅनिकला फोन जातो, तो यंत्र उघडतो, आणि टाकीकडे कोणी पाहत नाही.

मराठवाड्यातल्या घरांत टाकीचा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे. नगरपालिकेचे असो वा महापालिकेचे, पाणी रोज येत नाही. आले की ते आधी हौदात घ्यायचे, मोटारीने गच्चीवर चढवायचे आणि तिथून ते आपल्याच वजनाने खाली उतरते. या उतरणाऱ्या पाण्याचा दाब केवळ उंचीवर अवलंबून असतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार (दाब मोजण्याचे एकक) इतका दाब मिळतो, हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. आमचे घर एकमजली. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि स्वयंपाकघरातला कॉक यांच्यातले अंतर जेमतेम साडेतीन मीटर, म्हणजे दाब ०.३५ बारच्या आसपास. यंत्राच्या पुस्तिकेत मात्र ०.५ ते १० बार असे छापलेले आहे. (हा आकडा यंत्रागणिक बदलतो, काहींना ०.३ बारही चालतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी तो पाहावा.) मोठी टाकी बसवली की धार वाढते, असा समज सर्वत्र आहे, पण ५०० लिटरची टाकी आणि २००० लिटरची टाकी एकाच उंचीवर असतील आणि दोन्हींत पाण्याची पातळी सारखी असेल, तर नळाशी मिळणारा दाब सारखाच असतो. आमच्या प्लंबरमामांनी हेच एका वाक्यात सांगितले होते : ‘ताई, मशीनला काय झालेलं नाही, तुमच्या टाकीलाच दम नाही.’

अर्थात दाब मोजायला उपकरण लागतेच असे नाही. यंत्राला जोडलेली नळी कॉकपासून सोडवून कॉकखाली बादली धरावी आणि घड्याळ पाहावे. माझ्या यंत्राला मिनिटाला १० लिटरचा प्रवाह अपेक्षित आहे, म्हणजे दहा लिटरची बादली मिनिटभरात भरायला हवी. ही चाचणी टाकी भरलेली असताना एकदा आणि तळाशी आलेली असताना एकदा करावी, कारण सकाळी चांगले धुणारे यंत्र संध्याकाळी रुसते, त्याचे कारण बहुधा या दोन वेळांमधल्या पातळीत असते. कॉकपाशी धार जोरकस असेल आणि तरीही यंत्रात पाणी कमी जात असेल, तर अडथळा त्यापुढे आहे.

तो अडथळा बहुतेक वेळा एका नखाएवढ्या जाळीत असतो. नळी यंत्राला जिथे जोडली जाते, तिथे व्हॉल्व्हच्या तोंडाशी प्लॅस्टिकची बारीक जाळी बसवलेली असते; काही नळ्यांना कॉकच्या बाजूलाही एक असते. यंत्राची पिन काढून, कॉक बंद करून, नळी सोडवावी आणि पकडीने जाळीचा मधला दांडा धरून ती हलकेच बाहेर ओढावी. आमच्याकडे निघालेल्या जाळीवर तीन थर स्पष्ट वेगळे दिसत होते. सगळ्यांत वर टँकरच्या पाण्यातला तांबूस गाळ, त्याखाली टाकीच्या आतल्या बाजूचे काळे पापुद्रे, आणि जाळीच्या तारांना घट्ट धरून बसलेला पांढरा क्षार. गाळ आणि पापुद्रे जुन्या दात घासायच्या ब्रशने जातात. क्षार मात्र ब्रशला दाद देत नाही. त्यासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून जाळी त्यात अर्धा तास ठेवावी. कंटाळून ही जाळी काढून टाकणारे लोकही मला ठाऊक आहेत. मग तोच गाळ व्हॉल्व्हच्या पडद्यात जाऊन बसतो, आणि फुकटात होणारे काम पैशांवर जाते. एक सूचना आवश्यक आहे : ज्या नळीच्या टोकाला प्लॅस्टिकची जाड डबी असते, तिच्यात गळती रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो. अशी नळी कापू नये आणि ती डबी पाण्यात बुडवू नये.

कमी दाबाचा आणखी एक परिणाम असा की इनलेट व्हॉल्व्हमधला रबरी पडदा पाण्याच्याच दाबाच्या मदतीने उघडतो आणि मिटतो. दाब फार कमी असला की तो पुरता उघडत नाही, आणि काही वेळा पुरता मिटतही नाही, त्यामुळे यंत्र बंद असतानाही आत पाणी झिरपत राहते. व्हॉल्व्हची गुणगुण ऐकू येते, कॉकला धार आहे, जाळी स्वच्छ आहे, आणि तरीही पाणी येत नाही, अशा स्थितीत व्हॉल्व्ह बदलण्यावाचून मार्ग नसतो. ते काम विजेचे आहे, म्हणून जाणकाराकडेच सोपवावे.

कधी पाणी पुरेसे आत येते, पण टिकत नाही. सांडपाण्याची नळी थेट जमिनीवरच्या मोरीत सोडली असेल, तर ती आतले पाणी आपोआप ओढून बाहेर टाकते. पाणी भरत असतानाच मोरीत बारीक धार पडताना दिसली तर हेच कारण समजावे आणि नळीचा एक वळसा पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवावा. दुसरा चोर भांड्यांतच असतो. फवाऱ्याच्या धक्क्याने एखादे हलके पातेले सुलटे झाले, तर ते लिटर-दोन लिटर पाणी स्वतःत साठवून बसते आणि पंपाला तेवढे कमी पडते. कढई आणि पातेली तिरकी, पालथी आणि अडकवून ठेवावीत.

आमच्या गल्लीत एक देशी तोडगा प्रचलित आहे : यंत्र सुरू झाल्यावर दार उघडून तांब्याने वरून पाणी ओतायचे. दाबाच्या स्विचवर चालणाऱ्या यंत्रात तो तात्पुरता चालतो, पण यंत्र सुरू होताच ओतले तर ते सगळे पाणी आधी उपसून बाहेर टाकले जाते, आणि प्रवाह मोजणाऱ्या यंत्राला ओतलेले पाणी कळतच नाही. जास्त ओतले तर पाणी काठाबाहेर गेल्याचे समजून यंत्र ते उपसत बसते. शेजारच्या काकूंना हे पटले नाही. त्यांचा तांब्या अजून यंत्राशेजारीच असतो.

दाबाचा कायमचा बंदोबस्त दोन प्रकारे होतो. टाकी उंच करणे हा पहिला; त्यासाठी भक्कम स्टँड लागतो, कारण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. आम्ही दुसरा निवडला. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाऊण इंची स्वतंत्र नळी घेतली आणि तिच्यावर नळ उघडताच आपोआप चालू होणारा छोटा प्रेशर पंप बसवला. पंपाला वळसा घालून उलट न वाहू देणाऱ्या व्हॉल्व्हसह एक जोडनळी ठेवली आहे, म्हणजे पंप बिघडला तरी स्वयंपाकघरातला नळ कोरडा पडत नाही. नुसती रुंद नळी टाकल्याने दाब वाढत नाही, वाटेतली अडवणूक तेवढी कमी होते. काही घरांत तेवढेही पुरते, म्हणून पंपावर खर्च करण्यापूर्वी नळीचे कोन आणि अर्धवट मिटलेले जुने कॉक पाहून घ्यावेत.

बोअरचे जड, म्हणजे क्षाराचे पाणी वापरणाऱ्यांनी ते मऊ करणाऱ्या मिठाकडे दुर्लक्ष करू नये. यंत्रातल्या मिठाच्या कप्प्यात डिशवॉशरचे जाड मीठच घालावे, स्वयंपाकाचे नव्हे, आणि पाण्याच्या जडपणानुसार यंत्राचे सेटिंग बदलावे. तसे न केल्यास फवाऱ्याच्या हातांची भोके क्षाराने बुजतात, हात फिरत नाहीत आणि पाणी पुरेसे असूनही ते कमी असल्यासारखीच लक्षणे दिसतात. हे हात हाताने ओढून निघतात. भोके दातकोरणीने मोकळी करून ते नळाखाली धरावेत आणि प्रत्येक भोकातून धार येते का ते पाहावे. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की इनलेटची जाळी दर पंधरवड्याला काढून धुवावी; पावसाळ्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी धुतली तरी चालते.